कोंबडीला हात लावू नका

नवा ओपन-वर्ल्ड, म्हणजे हवं तिथे भटकू देणारा, व्हिडिओ गेम घेतलात? अभिनंदन. जाहिरातीत 'जिवंत जग' असं लिहिलंय म्हणून घाबरू नका. त्याचा अर्थ गवत वाऱ्यावर डोलतं आणि घोड्याची सावली बरोबर पडते, एवढाच. तिथली कॉम्प्युटरने चालवलेली माणसं तुमचा राग धरतील असं कुणीही कबूल केलेलं नाही.

या माणसांच्या छळाचे धडे 'स्कायरिम'पासून गिरवा. खेळ २०११चा आहे, पण शाळा म्हणून अजून तोड नाही. दुकानात जा, कोपऱ्यातली बादली उचला आणि दुकानदाराच्या डोक्यावर पालथी घाला. तो हूं की चूं करणार नाही. चोर दिसतो की नाही, हे खेळ दुकानदाराच्या नजरेच्या रेषेवरून ठरवतो, आणि त्या रेषेत आता बादली आहे. आपल्याकडे डोळ्यांवर कातडं स्वतःच ओढून घ्यावं लागतं. इथे गिऱ्हाईक ती सेवा पुरवतं. दुकान धुऊन काढा आणि जाताना बोलून बघा. माल दाखवायला तो हसतमुखाने तयार असेल.

मग पहारेकऱ्याकडे वळा. अंधारात दबा धरून बाण सोडा. वाचलाच तर थोडा वेळ इकडेतिकडे शोधेल, 'भास झाला असावा' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटेल आणि डोक्यात रुतलेल्या बाणासकट गस्तीला लागेल. असा समजूतदारपणा आपल्या सोसायटीच्या वॉचमनकडेही नाही.

आता दंडाचं दरपत्रक. मारहाण ४० मोहरा, खून १०००. खेळातल्या व्हाइटरन शहरात साधं घर ५००० ला मिळतं, म्हणजे एका घरात पाच खून बसतात. तुम्हाला काय परवडतं ते बघा. पैसे वाचवायचे असतील तर साक्षीदारांनाही उरकून टाका. शेवटचा गेला की दंड माफ झाल्याची सूचना पडद्यावर येते. मात्र रिव्हरवुड गावात कोंबडी मारू नका. एका कोंबडीसाठी गावकरी शस्त्रं घेऊन अंगावर धावून येतात. माणसाचं एक वेळ चालतं.

याहून मोठ्या मनाची माणसं हवी असतील तर 'फॉलआउट ३' हा खेळ. मेगाटन हे अख्खं गाव तुम्ही अणुबॉम्बने उडवू शकता. त्यातून मोइरा नावाची दुकानदारीण वाचते, किरणोत्सर्गाने तिची कातडी झडते, आणि पुढच्या भेटीत ती तुम्हाला आपल्या पुस्तकाच्या कामाला लावते. झालं गेलं विसरायचं असतं. आमच्या नात्यात भिंतीच्या वितभर जागेवरून तीन पिढ्या बोलत नाहीत, त्यांना हा खेळ भेट द्यायचा विचार आहे.

काही ठिकाणी मात्र चुकूनही जाऊ नका. 'गॉथिक' हा २००१चा जर्मन खेळ. तिथे नुसती तलवार उपसलीत तरी लोक 'आत ठेव' म्हणून दरडावतात. परक्याच्या झोपडीत शिरलात तर हाकलतात. ऐकलं नाहीत तर बडवून आडवं करतात, कमरेचे पैसे आणि शस्त्र काढून घेतात आणि जिवंत सोडून देतात. मेलो असतो तर जुन्या सेव्हवर, म्हणजे खेळ आधी साठवून ठेवला होता तिथे, परत गेलो असतो; अपमान सेव्ह करावा की नाही, हा पेच आजही सुटलेला नाही.

'किंगडम कम' हा खेळ तर त्याहून वाईट. काळ १४०३चा, मुलूख बोहेमिया. रक्ताने माखलेले कपडे घालून गावात फिरलात तर लोकांची वागणूक बदलते. दुसऱ्या भागात ज्याच्या घराभोवती घुटमळताना दिसलात, त्याच्याकडे चोरी झाली तर संशय तुमच्यावर. पकडलं की खोड्यात अडकवतात, फटके देतात, डागतात. गुन्हा मोठा असला तर जीवच घेतात. म्हणजे सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे मोजून, लोक काय म्हणतील याची काळजी करायची! आणि पहिल्या भागात तर हवं तेव्हा सेव्ह करायचं म्हणजे एक विशिष्ट दारू प्यावी लागते. एकेका पापाआधी एकेक बाटली. चौथ्या पापाला आपला नायक झोकांड्या खातोय, समोर कुलूप आहे आणि आतून कुत्रं भुंकतंय.

त्यापेक्षा निमूट स्कायरिमला परत या. दुकानदार बादली घालून उभाच असेल.