वाचनालयाच्या ओट्यावर लॅबमधलं प्रेम

लॅबमधल्या प्रेमाची ती कादंबरी आता वाचनालयाच्या ओट्यावरच्या बहुतेकांच्या हातून फिरून झाली आहे, तेव्हा कथानक सांगत बसत नाही. पीएचडीवाली पोरगी, शेजारच्या लॅबमधला अबोल शास्त्रज्ञ, पुढचं ठाऊकच आहे. वाद पेटवला गुरुजींनी.

"शास्त्रज्ञ म्हणजे तपस्वी! प्रयोगशाळा हे ज्ञानमंदिर. तिथे हे चाळे म्हणजे विज्ञानाची विटंबना!" गुरुजी ओट्यावरही पंधरा ऑगस्टच्या आवाजातच बोलतात. पुस्तक त्यांनी पहिल्या प्रकरणातच मिटलं होतं.

वैशाली तालुक्याच्या कॉलेजची लॅब सांभाळते. ती म्हणाली, "गुरुजी, वेस्टर्न ब्लॉट, म्हंजे एखादं प्रोटीन हुडकाचा प्रयोग, पाह्यला काय जी कधी? जेल पळवाले दीड घंटा. मंग प्रोटीन पडद्यावर उतरवा, घंटाभर. मंग पडदा 5 टक्के दूध पावडरच्या द्रावणात घंटाभर हलत ठेवा, नाई तं अँटीबॉडी, म्हंजे ते प्रोटीन हुडकून त्याले चिकटनारा रेणू, दिसंल तिथं चिकटते आन् सारा पडदा काळा. मंग पहिली अँटीबॉडी, 4 डिग्रीवर रातभर. एवढा वेळ दोन माणसं एका खोलीत बसली तं बोलन नाई काय?"

या कादंबरीची खरी गोडी इथेच आहे. प्रेम प्रयोगांच्या वेळापत्रकात अडकतं. डीएनएच्या प्रती काढायच्या पीसीआर यंत्राला लावलं की 30 फेऱ्यांचे दीड-दोन तास हाती काम नसतं, आणि लेखिकेने नेमके तेच तास पकडले आहेत. नायिका सिनेमा अर्धा टाकून पेशींचं माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलायला पळते, ते तर एकदम खरं. दोन-तीन दिवसांत माध्यम बदललं नाही तर आम्ल साचतं, गुलाबी रंग पिवळा पडतो आणि पेशी मरायला लागतात. पेशी ठेवतात त्या 37 डिग्रीच्या पेटीला ना रविवार कळतो ना पोळा.

"पर जेलरूमचा सीन पार फसला," प्रफुल्ल मध्येच बोलला. अकोल्याहून कीटकशास्त्रात एमएस्सी करून आलेला, चूक दिसली की सोडत नाही. "तिथं इथिडियम ब्रोमाइड असते बे, डीएनए दिसाले वापरतात तो धोक्याचा रंग! डीएनएत जाऊन बसते. आन् हा गडी तेच ग्लोव्ह घालून तिच्या गालावरची बट सारते!"

"खरं हाय," वैशाली म्हणाली. "ग्लोव्ह मनगटापासून उलटा करून काढाचा, बाहेरून बोट नाई लावाचं. हात धुवाचे. मंग बट. त्या दोन मिनिटांत तं सीन आखीन रंगला असता!"

दुकानदार दिलीपभाऊंना हसून ठसका लागला. गुरुजी मात्र चिडले. "याचसाठी म्हणतो, स्त्रिया प्रयोगशाळेत आल्या की पुरुषांचं लक्ष विचलित होतं."

"हेच नोबेलवाले सी. व्ही. रामन बोलले होते," वैशालीने तिथल्या तिथे सुनावलं. "1933 साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवतांना बाई म्हणून नाही म्हणले. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. त्यातली एक अट हीच, पुरुषांचं लक्ष विचलित व्हायचं नाही. पुढं त्याच कमला सोहोनी झाल्या, केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या. आन् रामन यांनी बायकांना दार उघडलं. ते बदलले जी, तुमी कवा?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

"पर मास्तर न् शिष्येचं जमणं काई मले पटत नाई," दिलीपभाऊ म्हणाले.

"तो तिचा गाइड नाई, म्हणून तं मी पुस्तक शेवटपावतर वाचलं," वैशालीचा सूर बदलला. "जेआरएफचे, म्हंजे संशोधनाच्या फेलोशिपचे, महिन्याचे 37,000. त्याच्या कागदावर गाइडची सही. प्रबंध जमा कराले सही, पुढच्या नोकरीले शिफारसपत्र त्याचंच. ज्याच्या सहीवर पोट हाय, त्याले पोरीनं 'हो' म्हणलं तं ते 'हो' कसं धराचं?"

यावर कोणी काही बोललं नाही. लेखिकेने नायकाला दुसऱ्या लॅबमध्ये ठेवलं, ती या कादंबरीतली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. शेवट मात्र खोटा. दोघांना एकाच शहरात, एकाच वेळी पक्क्या नोकऱ्या! कार्ल आणि गर्टी कोरी हे शास्त्रज्ञ नवरा-बायको आयुष्यभर एकत्र संशोधन करत होते, तरी गर्टीबाईंना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते 1947 मध्ये, नोबेल मिळालं त्याच वर्षी. लेखिकेने दोघांना दोन गावांत ठेवून बघायला हवं होतं.

गुरुजींचा शेवटचा बाण बाकी होता. "प्रेमावर शास्त्रीय संशोधन होऊच शकत नाही."

"होते ना," प्रफुल्ल म्हणाला. "कामगंध सापळा काय हाय मंग? त्यातल्या ल्यूरमध्ये, म्हंजे वासाच्या आमिषात, गॉसिप्लुर, कपाशीवरल्या गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास. नर येते न् फसते. सलग तीन राती सापळ्यात 8-8 पतंग आले का फवारणीचं पाहाचं."

"ते प्रेम नाई, फसवणूक हाय," वैशाली.

"फसवणूक तं दिलीपभाऊनं केली!" प्रफुल्ल उसळला. "ल्यूर थंड्या जागी, बंद पाकिटात ठेवाचे असतात. यानं मागच्या सालचे, टिनाच्या दुकानात मे महिनाभर तापलेले मले देल्ले. एक नर आला नाई!"

"नर आला नाई त्यात माह्या दुकानाचा काय दोष? तुह्या वावरात बोंडअळीच नसंल!"

"बाजूच्या वावरात आले ना पतंग! त्यानं ल्यूर अकोल्याहून आणले होते!"

"मग त्या कपाटाचं काय?" दिलीपभाऊंनी मोर्चा गुरुजींकडे वळवला. "कादंबऱ्यांच्या कपाटाले कुलूप कोणं लावलं होतं?"

"ते वाळवीमुळे!" गुरुजी ओरडले.

"वाळवी कादंबऱ्याच खाते काय जी?" वैशालीने विचारलं, आणि मग कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येईना.