पाव्हण्याचा खरारा

आमच्याकडे पाव्हणे पंधरा दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता दीड वर्ष झालं. "मामा, थोडं सामान ठेवायचंय तुझ्याकडे," एवढंच भाचा फोनवर म्हणाला होता. सामानाला चार पाय आहेत आणि वजन साडेचारशे किलो आहे, हा तपशील टेम्पोचं फळकट खाली पडल्यावर कळला. भाचा जहाजावर नोकरीला. रेसमधून निवृत्त झालेला घोडा त्याने हौसेने घेतला, गोव्यात डिचोलीला आमच्या माडांखाली आणून बांधला आणि स्वतः दर्यावर निघून गेला. घोड्याला रेसमधलं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण ते सौ.च्या तोंडी बसेना. ती त्याला 'पाव्हणे' म्हणते. मी बँकेतून निवृत्त, पाव्हणे मैदानातून निवृत्त. दोघांच्या निवृत्तीत फरक एवढाच, की त्यांना रोज सकाळी अर्धा तास अंग चोळून मिळतं.

याला खरारा म्हणतात. पूर्वी पागेत मोतद्दार असत, ते हे काम करत. आमच्या पागेत मोतद्दारही मीच, आणि घोडं अडलं तर शिव्या खाणाराही मीच.

भाचा जाताना एक पेटी ठेवून गेला. उघडली तर न्हाव्याचं दुकान आणि मोटार गॅरेज यांचं लग्न लागल्यासारखी दिसली. रबराचा गोल खरारा, लोखंडी खरारा, राठ ब्रश, मऊ ब्रश, आयाळीचा कंगवा, घाम निपटायची पट्टी, स्पंज आणि खूर साफ करायचा एक वाकडा लोखंडी आकडा. मी माणसासारखा विचार केला: जितकं लोखंड, तितकी सफाई. पहिल्याच दिवशी लोखंडी खरारा घेतला आणि पाव्हण्यांच्या पुठ्ठ्याच्या हाडावरून जोरात ओढला. त्यांनी लाथ मारली नाही. मागचा पाय नुसता वीतभर उचलला, दोन क्षण तसाच धरला आणि हळूच खाली ठेवला. कर्ज बुडवणाऱ्याला मॅनेजर जसा 'बसा' म्हणतो, तसं. लोखंडी खरारा घोड्यासाठी नसतोच मुळी, तो ब्रशसाठी असतो, हे मला त्या रात्री व्हिडिओ कॉलवर कळलं. एका हातात मऊ ब्रश, दुसऱ्यात लोखंडी खरारा. अंगावरून तीन-चार हात फिरवले की ब्रश त्या दातांवर ओढायचा, म्हणजे धूळ झडते. घोड्याच्या अंगाला रबराचा गोल खरारा. मानेपासून सुरुवात करून गोल गोल फिरवायचा, म्हणजे आतला मळ आणि मेलेले केस वर येतात. मग राठ ब्रशने ते उडवायचे, मग मऊ ब्रश. पायांवर आणि तोंडावर रबरही जोरात चालवायचं नाही, कारण तिथे कातडीखाली लगेच हाड.

वर आलेले केस जातात कुठे, हे मात्र कॉलवर कुणी सांगितलं नाही. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की उजेडाच्या हिशेबाने घोडा थंडीतले केस टाकायला लागतो. गोव्यातल्या थंडीला थंडी म्हणायचं का, हा प्रश्न पाव्हण्यांना पडत नाही. ते पंचांग पाळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या घरात चहावर, चष्म्यावर, देवाच्या निरांजनात, सगळीकडे तांबूस केस. एका सकाळी मी भाकरीतून केस काढला तेव्हा सौ. म्हणाली, "तुमचा नाही, एवढं नक्की." माझ्या टकलाचा असा उल्लेख तिने याआधी कधी केला नव्हता.

नेमका त्याच सुमाराला आमच्या भागात शिगमा येतो आणि डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा बांधलेले, डोक्याला फेटा, हातात तलवार, पायात घुंगरू, असे गडी ढोल-ताशांवर नाचतात. आमच्या शेजारच्या घरात असा एक घोडा आहे. शेजारी कुंपणावर हात टेकून माझा खरारा बघत उभा राहतो आणि म्हणतो, "आमचो घोडो वर्सांत एक फावट नाचता आनी मागीर माळ्यार न्हिदता. ताका चणे नाकात, खरारो नाका." यावर उत्तर नसतं. मी केस थुंकत राहतो.

एकेकाळी याच गोव्याच्या बंदरात अरबस्तानातून, होर्मुझहून गलबतं भरून घोडे उतरायचे. विजयनगर आणि विजापूर ही मोठी गिऱ्हाइकं. 1510 मध्ये पोर्तुगीज अल्बुकेर्कने गोवा घेतला त्यात या घोड्यांच्या धंद्याचाही मोठा मोह होता. इतिहासाच्या पुस्तकात राजे आहेत, कप्तान आहेत, जकात आहे. आठवडेच्या आठवडे समुद्रात उभं राहून आलेल्या त्या घोड्यांना खरारा कुणी केला, ते कुठेच नाही. मला पूर्वी हे खटकलं नसतं.

आता आवडीचं. पेटीतला मऊ ब्रश सगळ्यात महाग, तो सौ.ने टीव्ही पुसायला नेला आणि परत दिला नाही. त्याच्या बदल्यात मी तिचा रुंद दातांचा कंगवा आयाळीसाठी आणला. राठ ब्रश पहिल्याच पावसाळ्यात टक्कल पडून वारला. त्याच्या जागी नारळाचं सोडण आलं. वाळलेलं सोडण एका बाजूने ठेचायचं, की काथ्या फुलतो आणि तांबड्या मातीचा चिखल असा काय निघतो! भाच्याच्या सातशे रुपयांच्या ब्रशाला ते कधी जमलं नाही. मोडलं की माडाखाली दुसरं पडलेलंच असतं.

पाव्हण्यांची आवड मात्र आणखी स्वस्त आहे. त्यांना माझी नखं आवडतात. मान संपते आणि खोगीर सुरू होतं तिथला उंचवटा खाजवला, की त्यांचे डोळे अर्धे मिटतात, वरचा ओठ सोंडेसारखा लांब होतो आणि थरथरायला लागतो. घोडे एकमेकांचा हाच उंचवटा दातांनी खाजवतात. म्हणजे ही परस्पर सहकारी सोसायटी आहे. पाव्हणे उपकार ठेवून घेणाऱ्यांतले नाहीत. ते मान वळवतात आणि माझी पाठ दातांनी खाजवून देतात. आजवर तीन शर्ट गेले.

पण पेटीतलं माझं खरं लाडकं हत्यार म्हणजे तो वाकडा आकडा. खांद्यापासून पायाच्या मागून हात खाली नेत जायचं, पाव्हण्यांनी पाय उचलला (आणि उरलेलं सगळं वजन माझ्यावर टाकलं) की खुराच्या तळाशी मऊ रबरासारखा त्रिकोण दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा. टाचेकडून पुढे आकडा ओढायचा. जांभ्याचा एखादा खडा टचकन उडून पडतो तेव्हा माझ्याच दाढेतलं काही निघाल्यासारखं वाटतं. मागच्या जुलैत मात्र त्या खाचा ओलीने सडल्या. काळा, चिकट घाण द्रव. त्याचा वास कसा, हे सांगायला माझ्याकडे मासळी बाजार सोडून उपमा नाही आणि ती मासळीवर अन्याय करणारी आहे. सबंध पावसाळा मी त्या आकड्याने रोज दोन वेळा खाचा कोरल्या, औषध भरलं आणि खूर वाचवले. आकडा मी कापडाने पुसून ठेवायचो. धुतला असता तर गंजला असता.

या मे महिन्यात तो आकडा नाहीसा झाला. पेटी पालथी घातली, शेजाऱ्याचा माळाही बघून आलो. शेवटी स्क्रूड्रायव्हरवर भागवलं.

जूनच्या पहिल्या सरीच्या आधी सौ. घाण्यावरून यंदाचं खोबरेल घेऊन आली. पडवीत मला बसवलं आणि टाळूवर ओंजळभर जिरवलं. छान थंड वाटलं. मी सहज म्हटलं, "यंदा खोबऱ्याच्या वाट्या अगदी अख्ख्या निघाल्या होत्या गं. दर वर्षी सुरीने तुकडे होतात."

"सुरी कुठली? तुमच्या त्या पेटीत वाकडं काहीतरी होतं ना, ते करवंटीत असं घालून नुसतं फिरवलं की वाटी सुटते. मी ते विळीपाशीच ठेवलंय. आता मागू नका हं."

मी काही बोललो नाही. रात्री हुमण होतं, त्यावर त्याच तेलाची धार होती. जेवलो.

सकाळी सोडण घेऊन माडाखाली गेलो. पाव्हण्यांनी माझं डोकं हुंगलं. पुन्हा हुंगलं, बराच वेळ. मग मान आभाळाकडे ताणली, वरचा ओठ नाकपुड्यांवर दुमडला आणि सगळे पिवळे दात दाखवत तसेच उभे राहिले.