बुटाची पट्टी ओढून कुणी वर जात नाही, काका

भाच्याला शैक्षणिक कर्जासाठी दोन जामीनदार हवे होते. एक मी झालो. दुसऱ्यासाठी त्याने घरच्या ग्रुपवर विचारलं, तर आमच्या काकांनी सहीऐवजी एक फॉरवर्ड टाकला. 'पुल युवरसेल्फ अप बाय युवर बूटस्ट्रॅप्स' अशी इंग्रजी म्हण आहे म्हणे, आणि तिचा अर्थ : कुणापुढे हात पसरू नका, स्वतःच्या बळावर वर या. सोबत बुटाच्या नाड्या आवळणाऱ्या तरुणाचा फोटो आणि म्हणीचा 'इतिहास'. त्यावर अकरा अंगठे. पोराने निमूट 'थँक्यू आजोबा' लिहिलं, तेव्हा मला राहवेना.

आधी तो फोटो. नाड्या म्हणजे बूटस्ट्रॅप नव्हेत. पोटरीपर्यंतच्या चामडी बुटाला वरच्या काठाशी कातड्याची एक पट्टी दुमडून शिवलेली असते. तिच्यात बोट अडकवायचं आणि बूट पायात ओढून घ्यायचा, एवढंच तिचं काम.

आता अर्थ. असे बूट घाला, वाका, दोन्ही पट्ट्या धरा आणि स्वतःला जमिनीवरून वर उचला. बूट नसतील तर घमेल्यात उभे राहा आणि त्याच घमेल्याच्या कड्या ओढा. लहानपणी गच्चीवर मी हा प्रयोग केलाय; कडी हातात आली आणि आईचा मार बसला तो वेगळाच. तुम्ही कडी जेवढ्या जोराने वर ओढता, तेवढ्याच जोराने ती तुम्हाला खाली ओढते. उचलायला बाहेरचं कुणी लागतं, आणि म्हणीतली गंमत नेमकी तीच होती : हे होणे नाही.

हे माझ्या पदरचं नाही. १८३४ साली अमेरिकेत निम्रॉड मर्फ्री नावाच्या गृहस्थांनी आपल्याला बाहेरून काहीच ऊर्जा न घेता अखंड चालणाऱ्या यंत्राचा, म्हणजे अशक्य गोष्टीचा, शोध लागल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्राने त्यांची टर उडवली : आता मर्फ्रीसाहेब आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला कंबरलँड नदीपलीकडे, नाहीतर गोठ्याच्या कुंपणापलीकडे टाकू शकतील! म्हणजे 'पहिल्या महायुद्धातल्या जिद्दी सैनिकांनी ही म्हण दिली' हा फॉरवर्डमधला मुद्दा ऐंशी वर्षांनी हुकला. १८८८ च्या एका अमेरिकन पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकात तर मुलांना सरळ प्रश्नच आहे, की बुटाच्या पट्ट्या ओढून माणूस स्वतःला का उचलू शकत नाही? काका, 'का नाही' असं विचारलंय, 'कसं उचलावं' असं नाही.

जर्मन थापांच्या गोष्टींचा नायक बॅरन मुनशाउझेन दलदलीत रुतला आणि त्याने स्वतःला बुटाच्या पट्टीने बाहेर काढलं, हे फॉरवर्डमधलं वाक्यही चूक. त्या गप्पिष्टाने आपली शेंडी धरली होती, आणि बरोबर घोडाही काढला होता. थापच मारायची तर एवढी तरी मारावी.

एक कबूल करावं लागेल. विसाव्या शतकात म्हण फिरली, आणि आज इंग्रजी शब्दकोशांत स्वकष्टाने वर येणे हाच अर्थ सापडतो. काका तेवढ्यापुरते बरोबर. कॉम्प्युटर 'बूट' होणं, म्हणजे सुरू होणं, याच 'बूटस्ट्रॅप' शब्दावरून आलं, हेही खरं. पण तिथेसुद्धा सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्रॅम आधीच कुणीतरी आत घालून ठेवलेला असतो. आणि वीज कोण देतं?

आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही ओळ शाळेच्या भिंतीवर प्रयत्नवादाचा मंत्र म्हणून रंगवतात. वामन पंडितांनी मराठीत आणलेला भर्तृहरीचा तो श्लोक पुढे वाचत कुणी नाही. वाळूचं तेल, मृगजळाने भागलेली तहान, सशाचं शिंग, एक वेळ हे सगळं मिळेल; पण मूर्खाची समजूत घालणं जमायचं नाही, असं तो सांगतो. काकांनी फॉरवर्डच्या शेवटी हीच ओळ जोडली होती, पहिली तेवढी.

आणखी एक. १९७९ साली काकांच्या पहिल्या स्कूटरच्या कर्जाला जामीन आमचे आजोबा राहिले होते. ते कागद अजून आमच्या लोखंडी कपाटात आहेत, सहीसकट. भाच्याचा फॉर्म शुक्रवारी बँकेत द्यायचा आहे. मी गुरुवारी संध्याकाळी काकांकडे जाणार आहे. फॉर्म नेईन, आणि तेही कागद.