एकमत झालं, पण मावशी जिन्यातच राहिल्या

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, तुमच्यासारखा छोटा ख्रिस्ती उपासना गट आमच्याकडे पण सुरू करायचाय, पाळक म्हणजे पास्टर नाही, कमिटी नाही, सगळं एकमताने, काही टिप्स दे ना. व्हॉइस नोट टाकायला घेतली तर अकरा मिनिटं झाली तरी मी जिन्यापर्यंत पण पोचले नव्हते, म्हणून इथेच लिहिते.

आमचा गट म्हणजे नगरमधल्या तीन-चार वेगवेगळ्या मंडळ्यांमधली, म्हणजे चर्चमधली, आणि काही कुठल्याच मंडळीत न जाणारी अशी बारा-चौदा माणसं. रविवारी ज्याला जायचं तो आपापल्या चर्चला जातो, आणि महिन्यातले दोन शनिवार संध्याकाळी आम्ही सतरंजीवर बसतो. पेटी, टाळ, कवी ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग, बायबलमधला एक शास्त्रपाठ, मग दहा मिनिटं सगळे गप्प. नंतर ज्याला बोलावंसं वाटतं तो बोलतो. उपदेश नाही, अर्पणाची थैली नाही. चहा आहे. काहीजण चहासाठीच येतात असा माझा संशय आहे आणि माझी काही हरकत नाही.

यात आम्ही काही नवीन शोध लावलेला नाही हां. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा. १९१९ ला टिळक गेले आणि दरबार ओसरत गेला. आमच्यातले एक रिटायर्ड सर पहिल्याच दिवशी म्हणाले, एका माणसाच्या जिवावर उभं केलं की असं होतं, आपण कुणालाच पुढे करायचं नाही. सगळ्यांना पटलं.

मग ठरवायचं कसं? तर क्वेकर लोकांची पद्धत उचलली. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात सुरू झालेला ख्रिस्ती पंथ, त्यांच्या सभेत मतदान होतच नाही. क्लार्क म्हणून एकजण असतो, सभेचा कल काय दिसतोय ते तो तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो, सगळ्यांना मान्य असेल तर झालं, नाहीतर विषय पुढच्या सभेला. आमच्याकडे क्लार्क मी झाले. कारण वही माझी होती आणि घरही माझंच होतं.

आता खरं सांगायचं तर ही पद्धत चालते. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पाव मोडायचा विधी, करायचं का यावर आमचे चार शनिवार गेले. बहुतेकांना हवं होतं, पाव का भाकरी इथपर्यंत गाडी आली होती, पण एक काकू म्हणाल्या पाळक नसताना माझ्या मनाला पटत नाही, आणि तुम्ही केलंत तर मी मागे बसून रडेन. हात वर करून मोजलं असतं तर अकरा विरुद्ध एक, पाच मिनिटांत विषय संपला असता आणि काकू पण संपल्या असत्या. शेवटी काकूंनीच सुचवलं, प्रीतिभोजन करू, प्रत्येकाने घरून एक भाकरी आणायची, मोडून शेजारच्याला द्यायची. आज लोक सगळ्यात जास्त त्याचीच वाट बघतात. बाजरीची, ज्वारीची, एकाची तर दरवेळी करपलेलीच असते.

पण जिना.

मी सावेडीत तिसऱ्या मजल्यावर राहते, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींचे गुडघे गेलेत. मार्च महिन्यात एकदा निघताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, पुढच्या वेळी जमतंय का बघते." नाही जमलं. मी वहीत विषय घेतला, जागा बदलायची का. एकाचं म्हणणं पडलं की इथे गाणं छान घुमतं, जागा हलवली की माणसं पांगतात. बाकीचे म्हणले बघू. मला पण आतून बरंच वाटलं, घरच्या घरी सगळं होतं ना. ऑगस्टमध्ये वही चाळली तर माझ्याच अक्षरात पाच वेळा लिहिलेलं, 'जागा – पुढच्या सभेला'. आणि त्या पाचही सभांना मावशी नव्हत्या. कशा असतील, सभा तिसऱ्या मजल्यावर!

क्वेकरांचंच उदाहरण घ्या. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमधल्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं, ते एका सभेतून दुसऱ्या सभेत गेलं आणि बाजूला पडलं. गुलाम ठेवणाऱ्याला पंथात जागा नाही हे फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं १७७६ मध्ये. ८८ वर्षं. सभेने धीर धरला असं म्हणतात, पण तो धीर गुलामांच्या पाठीवर धरलेला होता आणि ते काही त्या सभेत बसलेले नव्हते. आमच्या जिन्याची आणि त्या पापाची बरोबरी मी करत नाहीये, तेवढं डोकं आहे मला. पण विषय पुढे ढकलला की आहे तेच चालू राहतं आणि ज्याला आहे तेच सोयीचं आहे त्याला ढकलायला काहीच लागत नाही, हे वही वाचताना फार लागलं.

तर आता ज्याच्यावर विषय आहे तो हजर नसेल तर आधी त्याला फोन, स्पीकरवर, मगच चर्चा. मौन म्हणजे संमती वगैरे चालत नाही, एकेकाला विचारायचं, आणि "चालतंय" म्हणला तर परत विचारायचं की पटतंय का नुसतं चालतंय, कारण नऊ वाजत आले की घरी जायच्या घाईत सगळ्यांना सगळंच चालतं. आणि दोनदा लटकलेला विषय तिसऱ्यांदा लटकवायचा नाही, दोन महिने बदल करून बघायचा, नाही जमला तर परत. वही मी दुसरीकडे दिली. घरमालकीण आणि क्लार्क एकच बाई, हे आधीच कुणाच्या लक्षात यायला पाहिजे होतं, माझ्या तर नक्कीच.

सध्या आम्ही मावशींच्या ओट्यावर बसतो. गाणं अजिबात घुमत नाही, शांततेच्या दहा मिनिटांत शेजारचा मिक्सर हमखास लागतो. तो घुमण्यावाला दर सभेला एकदा तरी म्हणतो की वर आवाज छान यायचा, आणि नवीन वहीवाली ते लिहून घेते आणि सगळ्यांना वाचून दाखवते.