खुलासा : रोबोटने रातोरात औषध शोधलेले नाही

‘प्रयोगशाळेतल्या रोबोटने माणसाशिवाय एका रात्रीत नवे औषध शोधले’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

रोबोटच्या मदतीने सापडतो तो बाइंडर, म्हणजे ठरावीक प्रथिनाला घट्ट चिकटणारा रेणू. त्याची विषारीपणाची तपासणी, शरीरात तो किती टिकतो, मानवी चाचण्या हे सगळे बाकीच असते. असे बाइंडर शोधण्याची फेज डिस्प्ले पद्धत शास्त्रज्ञ जॉर्ज स्मिथ यांनी १९८५मध्ये मांडली; तिच्यात फेज, म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारे विषाणू, आपल्या पृष्ठभागावर वेगवेगळे रेणू बाळगतात आणि त्यांतून चिकटणारे निवडले जातात. तिच्या आधारे तयार झालेल्या अडालिमुमॅब या संधिवातावरच्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००२च्या अखेरीस.

मग रोबोट करतो काय? लक्ष्य प्रथिन चुंबकीय मण्यांवर बसवून त्यात अब्जावधी फेज मिसळतो, न चिकटलेले धुऊन टाकतो, उरलेले जिवाणूंमध्ये वाढवायला देतो आणि पुन्हा तेच. साधारण तीन-चार फेऱ्या, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, अनेक लक्ष्यांवर एकाच वेळी. प्रत्येक धुणे तंतोतंत सारखे होते, हा फायदा खरा आणि फार मोलाचा आहे.

पण मण्यांवरच्या स्ट्रेप्टॅव्हिडिनला (लक्ष्य मण्यांवर धरून ठेवणारे प्रथिन) किंवा प्लास्टिकलाच चिकटणारे रेणूही या फेऱ्यांत टिकून राहतात. रोबोट त्यांनाही तितक्याच इमानाने वाढवतो! लक्ष्य नसलेल्या रिकाम्या मण्यांवर तुलना करूनच ते वगळता येतात, आणि ही तुलना प्रयोगाच्या आराखड्यात आधीच घालावी लागते. काही ठिकाणी पुढचा प्रयोग सॉफ्टवेअर सुचवते हे खरे, तरी कोणते प्रथिन निवडायचे आणि कोणत्या निकालावर विश्वास ठेवायचा, हे शास्त्रज्ञच ठरवतात.