पोलला क्लिक केलं म्हणजे शिकलं, असं मी म्हणत नाहीये

नमस्कार. वेबकास्टवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले होते पण रागाच्या भरात काहीतरी लिहिलं जाईल म्हणून थांबले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की वेबकास्ट (इंटरनेटवरून लाइव्ह चालणारं प्रशिक्षण) म्हणजे नुसता हजेरीचा कारभार, लोक आवाज बंद करून मेल बघत बसतात, मध्येच हजेरीसाठीच्या प्रश्नाचा, म्हणजे पोलचा, पॉप-अप आला की क्लिक करतात, शेवटी सर्टिफिकेट डाउनलोड करतात, आणि मी असल्या गोष्टीची शिफारस करून वाचकांची दिशाभूल करतेय. त्यापेक्षा रेकॉर्डिंग बघा नाहीतर सरळ क्लासला जाऊन बसा, असंही तुम्ही लिहिलंय.

लोक असं करतात हे खरंय, ते नाकारायचं काही कारणच नाही. सर्टिफिकेशन टिकवायला दर वर्षी प्रशिक्षणाचे ठरावीक तास भरावे लागतात, मग वर्ष संपत आलं आणि तास कमी पडत असले की दिसेल त्या वेबकास्टला नाव नोंदवायचं आणि दुसऱ्या स्क्रीनवर काम चालू ठेवायचं, हे आमच्या ऑडिटच्या क्षेत्रात सर्रास चालतं आणि मला ते मनापासून खटकतं. पण तुमची गल्लत कुठे होतेय सांगू का, तो पॉप-अप शिकल्याचा पुरावा म्हणून ठेवलेलाच नाहीये. उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या सीपीएंसाठीचे, म्हणजे तिथल्या परवानाधारक लेखापालांसाठीचे, नियम घ्या, तिथे ५० मिनिटांच्या प्रशिक्षणाचं एक क्रेडिट, आणि हजेरी पोलवर मोजायची असेल तर दर क्रेडिटमागे निदान ३ पोल घ्यावे लागतात, तेही कधी येतील याचा अंदाज लागणार नाही असे. उत्तर चुकलं म्हणून क्रेडिट सहसा जात नाही, कारण प्रश्न एवढाच असतो की माणूस समोर आहे का. क्लासमध्ये दारापाशी सही घेतात ना, तेच काम. आणि सही करून शेवटच्या रांगेत फोन बघत बसणारे तुम्हीही पाहिले असतील, म्हणून क्लास वाईट असं आपण म्हणत नाही.

रेकॉर्डिंगचं वेगळं आहे. माझा विरोध नाही, मी स्वतः बघते, थांबवून मागे जाता येतं हा मोठा फायदा आहेच. पण क्रेडिट हवं असेल तर आधी नियम वाचा, कारण याच सीपीएंच्या नियमांत प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी लाइव्ह हजर नसेल तर तो सेल्फ-स्टडी होतो आणि मग शेवटी परीक्षा देऊन ७० टक्के मिळवावे लागतात. तेच वेबकास्ट रिप्लेमध्ये बघितलं आणि क्रेडिट आलंच नाही म्हणून वैतागलेले बरेच जण मला माहीत आहेत.

आणि लाइव्हमध्ये प्रश्न विचारता येतात हो, हे तुम्ही पूर्णच सोडून दिलंत. मी सिस्टिम ऑडिटचं, म्हणजे कंपन्यांच्या कॉम्प्युटर यंत्रणा तपासायचं, काम करते. मागे एक वेबकास्ट होतं, कोणाला कुठला अ‍ॅक्सेस आहे त्याच्या रिव्ह्यूवर, स्लाइड्स अगदी ठरलेल्या, मला त्यात नवीन काहीच वाटत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी चॅटमध्ये विचारलं की सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी एखादा प्रोग्रॅम वापरतो ते अकाउंट) ज्याच्या नावावर आहे तो माणूसच नोकरी सोडून गेला तर त्या अकाउंटचा रिव्ह्यू करणार कोण? शिकवणाऱ्या बाई दोन क्षण थांबल्या, स्लाइड बाजूला ठेवली आणि पुढची दहा मिनिटं फक्त त्यावरच बोलल्या, की आधी मालक नसलेली अकाउंट्स वेगळी काढा, प्रत्येकाला आज हजर असलेला माणूस नेमा, आणि कोणीच पुढे आलं नाही तर अकाउंट लगेच डिलीट न करता आधी बंद करून बघा काय अडतंय ते. दुसऱ्या दिवशी मी चालू असलेल्या कामातली यादी उघडली तर मालक नसलेली ३ अकाउंट्स निघाली, त्यातल्या एकाला पूर्ण अ‍ॅडमिन हक्क. ती यादी मी आधी दोनदा तपासलेली होती. तो प्रश्न विचारणारा कोण होता मला माहीत नाही, पण त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मग लक्षात कसं राहायचं, तर तुमचा खरा आक्षेप तिथेच आहे असं मला वाटतं आणि तो योग्य आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी तेच परत वाचलं, काहींनी न बघता आठवून लिहिलं. ५ मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र उलटं झालं, परत वाचणाऱ्यांना साधारण ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. हे वाचल्यापासून माझी सवय अशी आहे की वेबकास्ट संपलं की विंडो बंद, कोरा कागद, स्लाइड्सची फाइल उघडायची नाही आणि जे आठवेल ते लिहायचं. पहिल्या खेपेला पाच ओळींपुढे गाडी सरकली नव्हती. आता पान भरतं. कागदावर तारीख आणि वेबकास्टचं नाव टाकून तो सर्टिफिकेटच्याच फोल्डरमध्ये ठेवते, कारण माझ्या सिसा (CISA) या सिस्टिम ऑडिटच्या सर्टिफिकेशनला ३ वर्षांत १२० तास आणि दर वर्षी किमान २० लागतात, आणि ते देणाऱ्या आयसाका (ISACA) या संस्थेने माझे तास तपासायला निवडले तर पुरावे दाखवावे लागतात, ते ३ वर्षांचं चक्र संपल्यावरही १२ महिने जपून ठेवायचे असतात.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. मूळ लेखात मी लिहिलं होतं की "क्रेडिट मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वेबकास्ट". ते वाक्य वाचून कोणीही आवाज बंद करून बसणारच, आणि तुम्ही चिडलात ते त्यावरूनच. ते आज काढून टाकतेय, त्या जागी कोऱ्या कागदाबद्दल लिहितेय. तुम्ही कुठल्या सर्टिफिकेशनसाठी तास भरता ते कळवा, तिथे रेकॉर्डिंग धरतात की नाही ते आपण त्यांच्या नियमांत मिळून बघू.