दोन वर्षं आधीच निकाल कसला लावता?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक दोन वर्षं लांब, आणि टीव्हीवर टक्केवारीच्या पट्ट्या सुरू! काल रात्री जेवायला बसलो, पहिला घास हातात, तोच सर्व्हेवाल्यांचा फोन. ‘आज मतदान झालं तर?’ अहो, पण ते आज नाहीये ना! सहा नावं वाचली, त्यातली तीन मी कधी ऐकलीही नव्हती. ओळखीचं होतं ते सांगितलं. आता हीच म्हणे ‘आघाडी’!

२००७ मध्ये जवळजवळ वर्षभर रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या चाचण्यांत न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी पुढे होते. २००८च्या जानेवारीत एकही राज्य न जिंकता शर्यतीतून बाहेर. १९९१च्या मार्चमध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांच्या कामावर ८९ टक्के लोक खूश होते. पुढच्याच वर्षी क्लिंटननी त्यांना हरवलं. तरी दर खेपेला पहिले पाढे पंचावन्न.

बरं, नुसती करमणूक असती तर सोडून दिलं असतं. पण याच आकड्यांकडे बघून देणगीदार खिशात हात घालतात. २०१५च्या ऑगस्टमधल्या पहिल्या रिपब्लिकन डिबेटला राष्ट्रीय चाचण्यांतल्या वरच्या दहांनाच मुख्य मंच मिळाला. बाकीच्यांना संध्याकाळी आधीच उरकलं. उमेदवार निवडायचं पहिलं मतदान आयोवा राज्यात होणार होतं, तिथल्या एकाही मतदाराने मत दिलेलं नसताना! कुणी दिला हा अधिकार?